हजारी

पार्सल आलं तेव्हा अम्मा म्हणाली,
एवढ्यात कूलर आला असता.
नायनांनी ब्लेडनं चिकटपट्टी उभी कापली.
आत पिशव्या, पिशव्यांत पट्ट्या,
अक्रोडाच्या, आणि कसल्याशा पिवळट लाकडाच्या,
पितळी तोफा अठरा, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या कप्प्या,
आणि एक नकाशा,
पसरला तर पलंग पुरेना.

गिरणी बंद पडून बावीस वर्षं झाली
तेव्हा थकबाकीचा शेवटचा हप्ता बँकेत पडला.
त्यातनं हे.
समुद्र त्यांनी एकदाच पाहिलाय,
गणपतीपुळ्याला, चपला हातात धरून.

सूचना वाचायचं काम माझं.
इटालियन, त्याखाली इंग्रजी, तीही रडकी.
'कण्यावर बरगड्या काटकोनात बसवाव्यात.'
'वाकवण्यापूर्वी फळी अर्धा तास पाण्यात ठेवावी.'
सोलापुरात, आमच्या गल्लीत, नळ पाचव्या दिवशी.
अम्मानं एक तांब्या दिला, मोजून,
आणि फळ्या निघाल्यावर
तेच पाणी कढीपत्त्याला घातलं.

एप्रिलात अडला तो पंखा.
लावला की दोरे उडतात, गोंद वरवर सुकतो.
म्हणून पंखा बंद. पत्र्याखाली. चव्वेचाळीस.
नाकावरचा घाम नेमका डेकवर पडायचा,
तर नायना कपाळाला टॉवेल बांधायला लागले,
इथलाच, सेकंडचा, काठ चुकलेला.
एका रात्री फळी चिरली, तडाक्.
सगळे उठून बसलो.
ताणा तुटतो तेव्हा निदान झोपमोड होत नाही, म्हणाले.

शिडांचं कापड त्यांनी भिंगाखाली धरलं,
इंचातले धागे मोजायचं ते घडीचं भिंग.
मोजलं. पुन्हा मोजलं.
हे कापड नव्हे, जाळी आहे.
वारा जाईल पुढं, जहाज राहील तिथंच.
(अम्मा त्यातनं आता चहा गाळते.)

पण दोरांच्या शिड्या.
डोलकाठीपासून काठापर्यंत, दोन्ही अंगांनी,
प्रत्येक आडवा दोर प्रत्येक उभ्याला
एकेका गाठीनं बांधायचा.
मी हिशेब केला : एक हजार एकशे चार.
चालत्या मागावर तुटका धागा जोडणारा
नायनांचा अंगठा आता थरथरतो.
पंधरा गाठी, मग चहा.
तीन दिवसांत चाळीस,
त्यांतल्या सहा सुटल्या.

पलीकडे अम्मा, मांडीवर सूप.
पान, तंबाखू, वळण, दोरा, चिमूट.
पान, तंबाखू.
हा आवाज घरात होता
म्हणून आम्ही भिंतीवर घड्याळ उशिरा घेतलं.
चौथ्या दिवशी तिनं सूप खाली ठेवलं,
हात पदराला पुसले, म्हणाली, सरका.
गाठ एकदा बघितली.
नायना म्हणाले, अगं, नकाशात असं आहे की
तिनं नकाशाची घडी घालून मांडीखाली घेतली.

दुसऱ्या दुपारी खोक्यातला दोरा संपला.
तिनं विडीचा लावला, गुलाबी.
असल्या रंगाचं जहाज
कुठल्या दर्यावर नव्हतं कधी,
हे मी वाचून दाखवलं नाही.

आता ते फ्रिजवर आहे, बोडक्या काठ्यांचं,
एक अंग तपकिरी, एक गुलाबी,
जवळ गेलं की तंबाखूचा वास.
शिडं नायना स्वतः विणणार आहेत म्हणे.
माग कुठला, सूत कुठलं,
विचारायचं नाही.

शेवटचा दोरा कापला त्या संध्याकाळी
मी पंखा लावला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग अम्मानं दहाही बोटं मोडली,
कारखान्यातला हजारीचा दर सांगितला,
आणि म्हणाली, वरच्या सत्तर सोडून देते.

नायनांनी खिसा चाचपला.
सुटे आहेत का, मला विचारलं.